माहेरची वेणी : प्रस्तावना

कोल्हापुरी चप्पल घेताना गिऱ्हाईक ती आधी वाकवून बघते आणि मग पट्ट्यावरच्या वेणीवर बोट फिरवते. तळाबद्दल दुकानदार भरभरून बोलतो: कातडे कुठले, थर किती, पावसात भिजली तर काय करायचे. वेणीबद्दल कोणी विचारत नाही आणि तोही सांगत नाही. ती वेणी बहुधा कोल्हापुरातच, सुभाषनगरातल्या किंवा जवाहरनगरातल्या एखाद्या घरात, स्वयंपाक उरकून उजेडाला उंबऱ्याशी बसलेल्या बाईने घातलेली असते. तिला ती आईने शिकवली आणि सासूने तिच्याकडून घोटून घेतली. हे पुस्तक अशा बायकांचे आहे. त्यातही, अशा प्रत्येक घरात सगळ्या कामाची सूत्रे हातात ठेवणारी जी एक वयस्क बाई असते, तिचे.

कोल्हापुरीवर आजवर कमी लिहिले गेलेले नाही. निर्यातदारांच्या पुस्तिका आहेत, डिझाइनच्या विद्यार्थ्यांचे प्रकल्प आहेत, दिवाळी अंकांतले लेख आहेत. त्यातली छायाचित्रे एकापुढे एक ठेवून पाहिली तर मांडणी ठरलेली दिसते. पुढे रापी, म्हणजे कातडे कापायचे हत्यार, धरून बसलेला पुरुष, मागे कातड्याचा ढीग, आणि चौकटीच्या कडेला पाठमोरी किंवा अर्धी कापली गेलेली एक बाई. ती काय करते आहे हे मजकुरात सापडत नाही. या पुस्तकाने तो कोपरा मध्यभागी आणला आहे. विषयात पहिल्यांदाच शिरणाऱ्या वाचकाला आधी थोडा नकाशा हवा, म्हणून ही प्रस्तावना जरा लांबली आहे.

सुरुवात कातड्यापासून करावी लागते. म्हशीचे, पूर्वी बैलाचेही, कातडे चुन्याच्या पाण्यात टाकून केस काढायचे, धुऊन स्वच्छ करायचे, मग त्याचीच पिशवी शिवून ती टांगायची आणि तीत बाभळीची साल व हिरडा यांचे पाणी भरायचे. पाणी कातड्यातून झिरपत राहते, खाली साठलेले पुन्हा वर ओतायचे. रसायने आणि यंत्रे असतील तर कमावण्याचे काम थोड्या दिवसांत उरकते. या पद्धतीला आठवडे लागतात. पण त्यातून निघणारे कातडे घाम पिते, पायाच्या आकाराला येते आणि तेल मिळत राहिले तर वर्षानुवर्षे टिकते. हे काम पिढ्यानपिढ्या ढोर समाजाचे. साल कुटणे आणि पाणी भरणे हा त्यातला बायकांचा वाटा, त्याला कधी कोणी कौशल्य म्हटले नाही. चप्पल शिवणे चर्मकारांचे, सीमेपलीकडे कर्नाटकात समगारांचे. एकाच वस्तूच्या दोन टोकांना उभे असलेले हे समाज. त्यांच्यातही उतरंड होती आणि तिचे चटके या पुस्तकातल्या बोलण्यांत जागोजागी आहेत.

कमावलेले कातडे घरात आले की कामाची वाटणी होते. तळ कापणे, दगडावर ठोकून थर बसवणे, टाच लावणे, रापीने कडा तासणे हे पुरुषांकडे. वाद्या म्हणजे कातड्याच्या बारीक पट्ट्या काढणे, वेणी घालणे, भोके पाडून नक्षी उठवणे, कान शिवणे, गोंडा बांधणे हे बायकांकडे. जुन्या पद्धतीच्या चपलेत खिळा नसतो. सगळे शिवणकाम कातड्याच्याच वादीने. वेणीसाठी बकरीचे पातळ कातडे लागते, त्याच्या वाद्या एकसारख्या रुंदीच्या निघाल्या पाहिजेत आणि काम होईपर्यंत ओलसर राहिल्या पाहिजेत. जास्त ओल्या राहिल्या तर सुकल्यावर वेणी सैल पडते, कोरड्या राहिल्या तर ओढताना तुटतात. किती ओल हवी हे सांगून कळत नाही. आजी नातीच्या हातातून वादी काढून घेते, बोटांत चाचपते आणि परत देते. शिकवणे म्हणायचे ते एवढेच. पण इथे शिकलेला हात कसा ओळखतात, हे त्या बायका इतक्या बारकाईने सांगतात की संगीतातल्या घराण्यांची आठवण व्हावी.

घराणी इथेही आहेत. कागल तालुक्यातल्या सेनापती कापशीची कापशी, कुरुंदवाडची कुरुंदवाडी, शिवाय पुकारी, बक्कलनाळी, कचकडी, कानवाली अशी नावे. कापशी म्हणजे शेतकऱ्याचे, काटाकुट्यातून चालायचे पायताण. जुन्या जोडाचे वजन दोन किलोपर्यंत भरायचे असे सांगतात. चालताना करकर वाजले पाहिजे ही तेव्हाची हौस, आणि त्यासाठी तळाच्या थरांत विंचू नावाच्या वनस्पतीचे बी घालायची पद्धत. (कोल्हापूरच्या भांडणांत पायताणाचा उल्लेख इतक्या सहज का येतो, हे ते वजन हातात घेतल्यावर समजते.) कर्नाटकातल्या अथणीकडचा हात नाजूक, पातळ तळ, बारीक वेणी, बायकांच्या चपलेकडे ओढा. निपाणी या दोहोंच्या मध्ये, आणि तिथल्या कामात दोन्हींकडचे काही ना काही दिसते. जाणकार दुकानदार या प्रकारांतला फरक पट्ट्याच्या आणि कानांच्या ठेवणीवरून सांगतो. घरातल्या आज्या तो वेणीवरून सांगतात, आणि बरेचदा पुढे जाऊन वेणी घालणारीचे माहेरही सांगतात.

या पुस्तकाचे मुख्य म्हणणे इथूनच निघते. तळ कापण्याची विद्या बापाकडून मुलाकडे जाते आणि त्याच घरात राहते. वेणीची विद्या मुलीबरोबर लग्न होऊन दुसऱ्या गावी जाते. कापशीची मुलगी निपाणीला दिली, निपाणीची मिरजेला, अथणीची कोल्हापुरात आली. प्रत्येकीने माहेरची गाठ सासरच्या पट्ट्यावर बसवली, सासूने थोडी बदलली, थोडी ठेवली. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाल्याचे जाहीर झाले तेव्हा त्यात आठ जिल्हे होते: महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. तेव्हा बरेच लोक चिडले. नाव कोल्हापूरचे आणि निम्मे जिल्हे कर्नाटकाचे कसे, असा सवाल झाला. माझ्या मते त्या आठ जिल्ह्यांचे उत्तर प्रशासनापेक्षा सोयरिकीत सापडते. सीमाप्रश्न १९५६ नंतरचा आहे. बेटीव्यवहार त्याच्या कितीतरी आधीचा. पुरुषांच्या कारागिरीचा नकाशा काढला तर गावांचे ठिपके मिळतील. ते ठिपके जोडणाऱ्या रेषा सुनांच्या आहेत.

इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो इतरत्र मिळतो. दुकानांच्या पाट्यांवर आठशे वर्षे वगैरे लिहिलेले असते. पायताण तेवढे जुने असेलही, पण आज आपण जिला कोल्हापुरी म्हणतो ती बाजाराने घडवली. बलुतेदारीत चर्मकार गावाच्या मोटा, चाबूक, वहाणा सांभाळायचा आणि सुगीला धान्य घ्यायचा. रोखीचा व्यवहार वाढला तसे कोल्हापूर संस्थानात शहरी गिऱ्हाईक तयार झाले. शाहू महाराजांच्या काळात या धंद्याला उत्तेजन मिळाले. १९२० च्या आसपास सौदागर घराण्याने पातळ, दोन कानांची ‘कानवाली’ बनवली आणि ती मुंबईच्या दुकानात खपू लागली, असे सांगितले जाते. पुढे शिवाजी चौकाजवळची चप्पल लाइन उभी राहिली. साठ-सत्तरच्या दशकांत परदेशी तरुणांनी ती पायात घातली आणि निर्यात सुरू झाली. त्यानंतर रेक्झिनच्या नकला आल्या. मार्च २०१५ मध्ये महाराष्ट्राची गोवंश हत्याबंदी दुरुस्ती लागू झाली, बैलाचे कातडे बंद झाले आणि सगळी भिस्त म्हशीवर आली. पिशवीतले कमावणे करणारी घरे त्याआधीपासूनच घटत होती.

या सगळ्या घडामोडींत घर कसे चालले, हा प्रश्न इतिहासाने विचारला नाही. तो विचारला की आजी समोर येते.

पावसाळा हा या धंद्याचा वैरी. कातडे सुकत नाही, बुरशी धरते, गिऱ्हाईक प्लास्टिकची चप्पल घालून फिरते. मृगापासून दसऱ्यापर्यंत हात रिकामे आणि तोंडे तेवढीच. त्या दिवसांत व्यापाऱ्याकडून उचल घ्यावी लागते. उचल किती घ्यायची, कोणाकडून घ्यायची, ती फेडताना दर किती पाडून द्यावा लागेल, हा हिशेब अनेक घरांत म्हातारीच्या डोक्यात असतो. पुरुष व्यापाऱ्याकडे जाऊन बोलतो, पण काय बोलायचे ते आदल्या रात्री चुलीपाशी ठरलेले असते. चांगल्या कातड्याचा एक तुकडा बाजूला काढून ठेवणे, दिवाळीच्या गर्दीसाठी वेण्या आधीच घालून ठेवणे, दागिन्यातले काय मोडायचे आणि काय अजिबात मोडायचे नाही, ही त्या घराची अर्थनीती. कोणत्या सुनेचा हात कशाला बसतो हे ती पहिल्या वर्षातच ओळखते. एकीला वेणीवर बसवते, दुसरीला भोके पाडायला, तिसरीला चुलीवर. आणि ही वाटणी नेहमी न्यायाची असते असे मुळीच नाही.

हे स्पष्ट सांगायला हवे, कारण अशा पुस्तकांना थोर माउलीचे चित्र काढायचा मोह होतो. ही घरे मातृसत्ताक नाहीत. जागा पुरुषाच्या नावावर, पतसंस्थेतले खाते पुरुषाचे, दुकानदाराच्या वहीत नाव पुरुषाचे. म्हातारीचा अधिकार घराच्या आत चालतो आणि बरेचदा तो चालतो तरुण बायकांवर. सुनेच्या बोटांना चिरा पडल्या तरी वेणी पुरी करून उठायचे, हा नियम तिनेच केलेला असतो, कारण तिच्या सासूने तिला तसेच बसवले होते. या संग्रहात सुनांचे बोलणे सासवांच्या शेजारी ठेवले आहे आणि ते एकमेकींशी जुळत नाही. संपादनात ते जुळवून घेतलेले नाही, याचा मला आनंद आहे.

दुसरी अडचण याहून मोठी. बाहेरचा माणूस वारसा म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे वस्तू असते. ज्यांच्या घरात हे काम आले त्यांच्या डोळ्यांपुढे जात असते. मार्च १९२० मध्ये कागल जहागिरीतल्या माणगावात अस्पृश्य परिषद भरली, शाहू महाराज आणि डॉ. आंबेडकर एका व्यासपीठावर आले. १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी मेलेली जनावरे ओढण्याची कामे सोडायला सांगितले. माणसाने माणूस म्हणून उभे राहायचे तर काही कामे टाकावीच लागतात, हा विचार त्या पिढीने आपलासा केला. माधव कोंडविलकरांचे ‘मुक्काम पोस्ट देवाचे गोठणे’ वाचलेल्या वाचकाला कोकणातल्या चर्मकार शिक्षकाची घुसमट ठाऊक असेल. त्या घुसमटीची बायकांची बाजू मराठीत फारशी आलेली नाही. म्हणून या पुस्तकात जेव्हा एखादी आजी सांगते की नातीला वेणी मुद्दाम शिकवली नाही, तिला नर्सिंगला घातली, तेव्हा तो वारशाचा अंत समजू नये. कला बुडाली म्हणून हळहळणाऱ्यांपैकी किती जणांनी आपल्या मुलीला रापी धरू दिली असती, हे त्यांनी स्वतःला विचारावे. त्या घरातला वारसा वेणीच्या मजुरीतून भरलेल्या फीच्या पावत्यांतही आहे. उलट काही मुली शिकून, संगणक हाताळून परत या धंद्यात आल्या आहेत आणि थेट गिऱ्हाइकाला विकत आहेत. दोघींच्या आज्या आपापल्या जागी बरोबर आहेत असे मला वाटते.

या विषयावर लिहिताना एक जुनी कथा टाळता येत नाही. बाराव्या शतकातल्या कल्याणमध्ये, म्हणजे कर्नाटकातल्या आजच्या बसवकल्याणात, हरळय्या नावाचा चर्मकार शरण, बसवेश्वरांचा अनुयायी, होता. बसवेश्वरांनी त्याच्या नमस्काराला वाकून उत्तर दिले, तो मान त्याला ऋणासारखा वाटला आणि ते फेडायला त्याने पादत्राणे बनवली. कातडे स्वतःच्या अंगचे. एका मांडीचे त्याने दिले, दुसऱ्या मांडीचे त्याची बायको कल्याणम्मा हिने. बसवेश्वरांनी ती पायात घातली नाहीत, मस्तकी धरली. पुढे हरळय्याच्या मुलाचे ब्राह्मण मंत्री मधुवरसाच्या मुलीशी लग्न झाले आणि त्यातून कल्याणमध्ये रक्तपात झाला, तो भाग इतिहासात येतो. कथेतला एक तपशील मात्र मला नेहमी अडवतो. जोडातले एक पायताण तिचे आहे. लोककथेने श्रेय सरळ निम्मे-निम्मे वाटले आणि त्यात कोणाला काही नवल वाटले नाही. सीमाभागातल्या समगार घरांत हरळय्याबरोबर कल्याणम्माचे नाव घेतले जाते, आणि तिथल्या बायका ही गोष्ट आपल्या बाजूने सांगतात.

कदाचित म्हणूनच बायकांनी धंदा स्वतःच्या नावावर घेण्याचा मोठा प्रयोग अथणीला झाला असेल. नव्वदच्या दशकाच्या शेवटी तिथे मधुरा छत्रपती यांच्या संस्थेच्या पुढाकाराने कारागीर बायकांचे बचतगट उभे राहिले आणि त्यातून ‘टोहोल्ड’ हे नाव परदेशी बाजारात गेले. मोजमापाची एकसारखी शिस्त, वेळेवर माल आणि पैसे बाईच्या हातात, या तीन गोष्टी त्यांनी बसवल्या. तिसरी सर्वांत कठीण गेली. कोल्हापुरात इतक्या प्रमाणात तसे काही घडले नाही. आपल्याकडे दुकानांची परंपरा मोठी आणि दुकानाला पुरुषाचा चेहरा, हे त्याचे एक कारण असावे.

हे पुस्तक आताच का, याचे उत्तर वर्तमानपत्रे वाचणाऱ्याला ठाऊक आहे. जून २०२५ मध्ये मिलानच्या एका फॅशन शोमध्ये प्राडा कंपनीने कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि तिचे वर्णन नुसते चामडी सँडल असे केले. कोल्हापुरात संताप झाला, महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने कंपनीला पत्र लिहिले, कंपनीने भारतीय कारागिरीचे ऋण मान्य केले, तिचे लोक कोल्हापूरला येऊन गेले. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली, ती जुलैत फेटाळली गेली. मानांकन ज्यांच्या नावावर आहे त्यांनी दाद मागावी, असा त्यातला मुद्दा होता. ते मालक म्हणजे दोन राज्यांची दोन सरकारी महामंडळे: आपले संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकाचे डॉ. बाबू जगजीवनराम चर्मोद्योग महामंडळ. डिसेंबरमध्ये कंपनीने याच दोन महामंडळांशी करार केला, दोन हजार जोड इथे बनवून घेण्याचा. एका जोडाची किंमत आपल्या पैशांत ऐंशी-पंच्याऐंशी हजारांच्या आसपास जाईल अशा बातम्या आल्या.

त्या सहा महिन्यांत ‘कोल्हापुरी कोणाची’ हा प्रश्न पुष्कळांनी विचारला. मिलानची की कोल्हापूरची, महाराष्ट्राची की कर्नाटकाची, महामंडळाची की दुकानदाराची. जोड पूर्ण करणाऱ्या घरात श्रेयाची आणि पैशाची वाटणी कशी होते, हे कोणी विचारले नाही. मानांकनाच्या कायद्यात अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवता येते. नोंद होते ती उत्पादकाच्या नावाने, आणि घरात वेणी घालणारी बाई स्वतःला उत्पादक समजत नाही. तिला कोणी तसे सांगितलेलेच नाही. घरी बसून तुकड्यावर काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ मध्ये १७७ क्रमांकाचा करार केला, त्याला भारताने अजून मान्यता दिलेली नाही. आता चपलांवर क्यूआर कोड येऊ लागले आहेत. मोबाइल धरला की कारागिराची माहिती दिसेल, ही चांगली सोय आहे. त्या माहितीत वेणीवालीचे नाव घालायला तांत्रिक अडचण काहीही नाही, हे मी इथे मुद्दाम नोंदवतो.

पुस्तकाची रचना चपलेच्या प्रकारांनुसार नाही, घरांनुसार आहे. प्रत्येक घरात आधी सर्वांत वयस्क बाई बोलते, मग तिची सून, मग असलीच तर नात. पुरुष शेवटी येतात आणि थोडे बोलतात. काहींनी तर आपल्या आईबद्दल पहिल्यांदाच इतके बोलल्याचे जाणवते. नावे छापलेली नाहीत. व्यापाऱ्याशी असलेले देणेघेणे उघड सांगायचे तर नाव झाकावे लागते, ही त्या घरांची अट होती आणि ती रास्त आहे. वेणीचे नमुने चित्रांसह दिले आहेत, पण पाहून शिकता येतील अशा बेताने दिलेले नाहीत. तसे करावे का यावर पुष्कळ वाद झाला. ज्यांची विद्या त्यांनी नको म्हटले, तिथे वाद संपला.

भाषा कोल्हापूरची आहे, ती तशीच ठेवली आहे. सीमेवरच्या घरांत एकाच वाक्यात मराठी आणि कन्नड येते. तिथे कन्नड शब्द देवनागरीत लिहून अर्थ संदर्भातून कळेल असे पाहिले आहे. शहरी वाचकाला काही पाने अडखळत वाचावी लागतील. ढोर घरांतल्या कमावण्याचा भाग मात्र तोकडा राहिला आहे, कारण ते काम करणारी घरे फारच थोडी उरली आणि त्यातल्या म्हाताऱ्या बायका बोलायला तयार असल्या तरी थकल्या आहेत. त्यांच्याकडे लवकर गेले पाहिजे, आणि ते काम कोल्हापुरातल्या विद्यापीठाने आणि महाविद्यालयांनी हाती घ्यावे. कन्नड आवृत्ती निघाली तर अथणी-निपाणीच्या घरांनाही आपले बोलणे पूर्ण वाचता येईल. त्या अनुवादाचे काम सीमाभागातल्याच एखाद्या मुलीने करावे अशी सूचना मी प्रकाशकांना केली आहे.